रत्नागिरीत ३ फुटी खाऱ्या पाण्याची टाकी: समुद्राचं पाणी चालेल का? नवसागर किती घालायचा?

कातळफूल

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्यांची सवय आहे, खाऱ्याची ही पहिलीच. रत्नागिरी शहर, तळमजला. टाकी ३ × १.५ × १.५ फूट, काच १० मिमी, खाली २४ × १२ × १४ इंचांचा संप (गाळणीची जोडटाकी). प्रवाळ वगैरे नको. मासे मोजकेच: क्लाऊनची जोडी, एक-दोन गोबी, जमलं तर नंतर एखादा डॅमसेल.

समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे पहिला प्रश्न तोच: पाणी तिथून आणावं की विकतचं मीठ घ्यावं? घ्यायचं तर किती किलो? बाजारातलं खडेमीठ का नाही चालत? वाळू मांडवीची किंवा आरे-वारेची आणि दगड अंगणातला जांभा घेतला तर? सायकलिंग, म्हणजे मासे आणण्याआधी टाकीत अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं, नवसागर घालून करतात असं वाचलंय, त्याचं ग्रॅममध्ये प्रमाण कुठे नीट मिळत नाही. आणि मे महिन्याचा उकाडा नि पावसाळ्यात जाणारी वीज यांची तजवीज आधीच करावी लागेल का?

खाजणवाट

आधी पाण्याचा हिशेब करा, बाकी सगळं त्यावर चालतं. तुमची टाकी काठोकाठ भरली तर १९० लिटरची. वर दोन इंच मोकळे सोडले, वाळू-दगडांची जागा वजा केली की १५० उरतात. संपमध्ये चालू असताना ४० धरा. म्हणजे एकूण परत १९०च. यापुढचा प्रत्येक डोस या आकड्यावर काढा, काचेच्या मापावर नाही.

संपचं एक आत्ताच बघून घ्या. वीज गेली की वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी संपमध्ये सोडणाऱ्या खोबणीच्या, दातांपर्यंत खाली येतं, शिवाय पाइपातलं येतं. तुमच्या मापात एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. संप काठोकाठ ६५ लिटरचा आहे, त्यात ४० चालू ठेवलं तर २५ लिटरची मोकळी जागा उरते. ती पुरेल, पण रिटर्नच्या, म्हणजे संपमधून पाणी वर आणणाऱ्या, नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली सायफन तोडणारं ५-६ मिमीचं भोक हवंच. नसेल तर रिटर्नच्या तोंडापर्यंतचं पाणी उलटं ओढलं जाऊन फरशीवर येतं. भोकात शेवाळ बसतं, महिन्यातून एकदा काडी घालून साफ करायचं. पहिल्यांदा साध्या पाण्याने भरून पंपाचा प्लग दोन-तीनदा ओढून बघा, मगच मीठ.

मीठ: ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) खारटपणाला लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे १९० लिटरला सुमारे ७ किलो. दर वेळच्या पाणीबदलाला ३० लिटर धरलं तर आणखी १.१ किलो. कोकणातली खास अडचण अशी की पिशवी एकदा उघडली की पावसाळी हवेत मीठ ओल धरतं आणि गठ्ठा होतो. मग तोललेल्या वजनात पाणीही असतं. उघडलेली पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि शेवटचा शब्द खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा, काट्याचा नाही. २५ अंशांना ३५ पीपीटी म्हणजे घनता १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५च्या द्रावणावर जुळवावा लागतो. विकतचं द्रावण नसेल तर ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडं मीठ. त्याचं वाचन बरोबर ३५ यायला हवं.

खडेमीठ नाही चालणार, मग ते शिरोड्याच्या मिठागरातलं का असेना. मिठागरात पाणी आटताना आधी कॅल्शियम जिप्समच्या रूपाने खाली बसतं, मग साधं मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडू पाण्यात निघून जातं. उरतं ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. टाकीला कॅल्शियम ४२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची पाण्याची ताकद, ८ डीकेएच (हे तिचं माप) लागते. हे खड्यात नाही.

मीठ कालवायला पाणी आरओचं. घरातल्या पिण्याच्या आरओत टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा आणि शेवटी उरलेले क्षार काढणारा मिश्र-रेझिनचा डीआय फिल्टर जोडा. टीडीएस ० आला तर उत्तम. २०-३० आला तरी नुसत्या माशांच्या टाकीत आभाळ कोसळत नाही, थोडं तपकिरी शेवाळ जास्त येईल इतकंच. विहिरीचं पाणी मात्र थेट नको. जांभ्यातल्या विहिरीत लोह असतं आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात, त्यामुळे दर महिन्याला वेगळं पाणी हाती येतं.

मीठ पाण्यात घालायचं, पाणी मिठावर नाही. उलटं केलं तर घट्ट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट सुटून पाणी दुधाळ होतं आणि ते मीठ वाया जातं. पहिली भरणी टाकीतच कालवली तरी चालते, वाळू-दगड नसताना. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) लावून २४ तास फिरू द्या.

वाळू. मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात तो उगीच नाही, त्या वाळूत इल्मेनाइट-मॅग्नेटाइटसारखी जड खनिजं आहेत. मॅग्नेटाइटचे कण वेव्हमेकरच्या इम्पेलरला आणि काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात. पहिल्याने पंप झिजतो, दुसऱ्याने काचेवर ओरखडे उठतात. आरे-वारेची वाळू दिसायला बरी, तिच्यात शिंपल्यांचा चुराही आहे, पण मुळात किनाऱ्यावरची वाळू काढायला सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांत मनाई आहे. विकतची अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू घ्या, दीड इंच थराला तुमच्या मापात २५ किलो. तीन-चार इंच जाड थर घालू नका. खाली हवा न पोचणारा पट्टा तयार होतो आणि कधी हात लागला तर सडक्या अंड्याचा वास येतो.

जांभा नको. दिसतो सच्छिद्र, पण तो लोहाने भरलेला, कडा झडत राहतात आणि पाणी तांबूस गढूळ होतं. काळा पाषाण निरुपद्रवी, पण गुळगुळीत, त्याला भोकं नाहीत, म्हणजे बॅक्टेरियाला जागा नाही. समुद्रातला प्रवाळ खडक तर मेलेलाही उचलायचा नाही. खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या, समुद्रघोडे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. सिरॅमिक किंवा कृत्रिम ड्राय रॉक घ्या, १२ ते १५ किलो पुरे.

घरी करायचा असेल तर १ भाग सिमेंट, २ भाग कालवांच्या शिंपल्यांचा भरड चुरा, २ भाग जाड खडेमीठ, पाणी अगदी कमी. इथे खडेमीठ कामाला येतं: दगड पाण्यात टाकला की मीठ विरघळतं आणि भोकं राहतात. पण ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पीएच ११-१२ वर जातो. गोड्या पाण्यात बुडवून दर आठवड्याला पाणी बदला. बदललेल्या पाण्यात आठवडाभर ठेवूनही पीएच ८.५ च्या खाली राहिला की तयार. याला सहज दीड-दोन महिने जातात, म्हणून टाकी आणण्याआधीच हे काम काढा.

समुद्राच्या पाण्याबद्दल माझं मत: पहिल्या भरणीला नको. सायकलिंगमध्ये काही बिघडलं तर दोष पाण्याचा की पद्धतीचा हेच कळत नाही.

भरतीची_वेळ

शेवटच्या मुद्द्याला विरोध. महिन्याला किलो-दीड किलो मीठ घालवत बसायचं आणि समोर अख्खा अरबी समुद्र, हे काही पटत नाही. मात्र केव्हा आणि कुठून घ्यायचं याचे नियम पाळले पाहिजेत.

नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी नद्यांच्या लोंढ्याने गढूळ आणि पातळ होतं, खाडीच्या मुखाशी तर खारटपणा ३० च्या बराच खाली जातो. पाऊस थांबला तरी निदान तीन-चार आठवडे जाऊ द्या. जागा: काजळीच्या मुखापासून, म्हणजे भाट्याच्या खाडीपासून, लांब. मिरकरवाडा बंदराच्या आसपास अजिबात नाही, तिथे पाण्यावर डिझेलचा तवंग आणि मासळी धुतल्याचं पाणी. वेळ: भरती पूर्ण भरत आली असताना, कारण तेव्हा बाहेरचं पाणी आत आलेलं असतं. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर पडतं. पाणी हिरवं किंवा लालसर दिसलं, किंवा रात्री लाटा चमकत असतील तर त्या दिवशी रिकामे कॅन घेऊन परत या. तो सूक्ष्मजीवांचा बहर असतो आणि टाकीत तो मरून सडतो.

भरायला पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार. रसायनांचे जुने निळे ड्रम कितीही धुतले तरी नकोत.

घरी आणल्यावर दुहेरी मलमलीतून किंवा ५ मायक्रॉनच्या फिल्टर-बॅगेतून गाळायचं. मग निर्जंतुकीकरण. बिनवासाचं, ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १०० लिटरला २५ मिली, म्हणजे १० पीपीएम क्लोरीन. झाकून २४ तास ठेवा. मग ७ ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून घाला आणि एअर पंप जोरात लावून आणखी २४ तास. शेवटी जलतरण तलावासाठी मिळणाऱ्या ओटीओ (क्लोरीन तपासायच्या) थेंबांनी तपासा, पिवळी छटाही दिसता कामा नये. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असतं, त्यामुळे क्लोरीन घातलं की खरं तर ब्रोमीन तयार होतं आणि त्याचा वास नळाच्या क्लोरीनसारखा येत नाही. म्हणून वासावर भरवसा नको, थेंब बघा. वर सांगितलेलं हायपो गरजेपेक्षा थोडं जास्तच आहे, उरलेलं निरुपद्रवी.

खारटपणा मोजा. कोरड्या ऋतूत ३५-३६ मिळतो. जास्त असेल तर आरओ घाला. मे अखेरीला ८०-१०० लिटर करून अंधारात झाकून ठेवलं की पावसाळ्यातले निम्मे पाणीबदल त्यात निघतात.

सिंधुदुर्गातून कोणी वाचत असेल तर मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीतून काही उचलू नका. ते १९८७ पासून संरक्षित आहे.

खाजणवाट

@भरतीची_वेळ, पद्धत बरोबर आहे, वादच नाही. पाणीबदलाला वापरा. पण पहिल्या टाकीवाल्याने दोन दिवस क्लोरीन आणि हायपोशी झटापट करून १९० लिटर तयार करायचे, तेही दहा जार वाहून, त्यापेक्षा ७ किलो मीठ स्वस्त पडतं.

मीठभाकर

सायकलिंगवर लिहितो.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, हे खरं. पण कल्हईवाल्याकडचा किंवा किराणा दुकानातला नको, त्यात जड धातू आणि माती असू शकते. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानात 'एआर' (शुद्ध, प्रयोगशाळेच्या) ग्रेडचा मागा, १०० ग्रॅम पुष्कळ झाला.

द्रावण: १० ग्रॅम नवसागर, आरओ पाणी घालून एकूण १ लिटर. याच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम नवसागर, त्यातून सुमारे ३.२ मिलिग्रॅम अमोनिया. १९० लिटरला २ पीपीएम हवा तर ११५ ते १२० मिली. एवढं साधं आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, घरात कोणी मिठाचं पाणी समजू नये.

दोनच का, पाच का नाही? अमोनिया ऑक्सिडाइझ करून नायट्राइट करणारे बॅक्टेरिया पहिले वाढतात, नायट्राइटचं नायट्रेट करणारे मागून येतात, आणि या दुसऱ्या फळीला मोकळा अमोनिया सोसत नाही. पीएच ८.२ आणि आपल्याकडचं तापमान असताना मोकळ्या अमोनियाचा वाटा तसाही जास्त असतो. चार-पाच पीपीएम घातलं की पहिली फळी जोरात आणि दुसरी रखडलेली, असं होतं.

मांडणी अशी ठेवा. तापमान २८, खारटपणा ३५, दिवा बंद, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, यूव्हीचा जंतुनाशक दिवा असेल तर बंद. वेव्हमेकर आणि रिटर्न चोवीस तास चालू, कारण हे बॅक्टेरिया प्राणवायूवर जगतात. दिवा लावून ठेवलात तर तुमचा नवसागर शेवाळ खाईल. बाटलीतले बॅक्टेरिया घालायचे असतील तर एक्स्पायरी बघा आणि दुकानदाराने फ्रिजमध्ये ठेवले होते का ते विचारा. नायट्रिफाय करणारे बॅक्टेरिया बीजाणू धरत नाहीत, मे महिन्यात कुरियरच्या गाडीत तापलेली बाटली म्हणजे महागडं मातकट पाणी. चांगली बाटली मिळाली तर दोन-तीन आठवडे, नाही मिळाली तर चार ते सहा.

दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. नायट्रेटचा किट पहिल्या पंधरवड्यात उघडूही नका, कारण नायट्राइट जास्त असलं की तो खोटं, फुगलेलं वाचन देतो. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा २ पर्यंत न्या. असे तीन डोस झाले की थांबा आणि नायट्राइट उतरण्याची वाट बघा.

संपलं कधी म्हणायचं? २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि तेही लागोपाठ दोनदा. मग निम्मं पाणी बदला. लगेच मासे येणार नसतील तर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा डोस देत राहा, नाहीतर एवढे वाढवलेले उपाशी मरतील.

आणखी एक. सायकलिंग सुरू करता त्याच दिवशी संपमध्ये एक साधा स्पंज फिल्टर टाकून ठेवा. नवे मासे आधी वेगळे ठेवायच्या टाकीला तो लागणार आहे.

शिंपल्यांचा_सडा

नवसागर कशाला शोधत बसायचा, एक कच्ची कोळंबी टाकली की काम होतं. आपल्याकडे कोळंबीला काय तोटा.

मीठभाकर

काम होतं, पण कसं होतंय ते कळत नाही. कोळंबी सडताना किती अमोनिया सोडेल ते तिच्या आकारावर, उष्णतेवर आणि ती कधी काढाल त्यावर. बरोबर फॉस्फेट आणि सेंद्रिय गाळ येतो, तो पुढे शेवाळाला पुरतो. बाजारातली कोळंबी काळी पडू नये म्हणून कधीकधी मेटाबायसल्फाइटमधून काढलेली असते, ते पाण्यातला प्राणवायू खातं. आणि बंद खोलीत चौथ्या दिवशीचा वास घरातल्यांना सांगून बघा. मोजून डोस देता येत असताना अंदाजपंचे कशाला?

कातळफूल

खूप आभार सगळ्यांचे. सांगितल्याप्रमाणे मांडलं आहे: विकतचं मीठ, आरओ-डीआय, १४ किलो सिरॅमिक दगड, एआर नवसागर. तीन डोस पचले, अमोनिया आता एका दिवसात शून्यावर येतो. पण नायट्राइट किटच्या सगळ्यात गडद जांभळ्यावर अडकलाय, उतरायचं नाव नाही. न राहवून नायट्रेट पाहिला तर ८० च्या वर. पीएच ७.७. फॉस्फेट शून्य. पाणी बदलू का? बॅक्टेरियाची दुसरी बाटली?

मीठभाकर

दुसरी बाटली नको. आकडे मांडून बघू.

२ पीपीएम अमोनियातून जास्तीत जास्त ५.४ पीपीएम नायट्राइट होतो, आणि त्याचा पूर्ण नायट्रेट झाला तर ७.३. तुमचे डोस तीन. म्हणजे नायट्राइट फार तर १६, आणि सगळं पचून गेलं तरी नायट्रेट २२. मग ८० आला कुठून? कुठूनच नाही, तो नायट्राइटमुळे फुगलेला आकडा आहे. विसरून जा.

तुमच्या किटची पट्टी बहुधा ५ ला संपते. म्हणून १६ असो की ८, रंग तोच दिसणार. १ मिली टाकीचं पाणी आणि ९ मिली आरओ मिसळून तपासा, वाचन दहाने गुणा. दोन दिवसांनी परत. मला वाटतं उतरण सुरू झालेली असेल, तुम्हाला दिसत नाहीये.

खरी अडचण दोन ठिकाणी असू शकते. पहिली क्षारता. अमोनियाचं नायट्रिफिकेशन क्षारता खातं, २ पीपीएमला साधारण ०.६५ डीकेएच. तीन डोसमध्ये दोन गेले, ८ चे ६ झाले असणार. पीएच ७.७ त्याच्याशी जुळतो, शिवाय खोली बंद असेल तर कार्बन डायऑक्साइडचाही हात असतो, खिडकी उघडून ठेवा. खाण्याचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की १ डीकेएच वाढतो. तुम्हाला दोन वाढवायचे, म्हणजे ११-१२ ग्रॅम. आरओ पाण्यात विरघळवून दोन दिवसांत विभागून संपमध्ये ओता. साधा खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा नव्हे.

दुसरी, आणि माझा संशय हिच्यावर जास्त: फॉस्फेट. आरओ-डीआयचं पाणी, कोरा सिरॅमिक दगड, शुद्ध एआर नवसागर, म्हणजे सगळंच इतकं स्वच्छ की बॅक्टेरियाला पेशी बांधायला फॉस्फरसच नाही. दुसरी फळी यात आधी अडकते. माशांच्या फ्लेक्स खाद्याची एक चिमूट चुरून टाका, तीन दिवसांनी पुन्हा एक. बस.

पाणी बदलून नायट्राइट कमी होईल, नुकसानही नाही, कारण बॅक्टेरिया दगडावर आणि वाळूत चिकटलेले असतात, पाण्यात फार थोडे. पण साडेतीन किलो मीठ जाईल. थांबा. आणि तोवर नवसागर बंद.

भरतीची_वेळ

एक भर. खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतका घातक नसतो, कारण क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एक-दोन पीपीएम राहिला म्हणून क्लाऊन मरणार नाही. गोड्या पाण्याच्या सवयीने त्याचा धसका घेऊ नका.

मीठभाकर

मान्य. पण मी शून्याची अट घालतो ती विषापोटी नाही. दुसरी फळी उभी राहिली की नाही याची ती एकमेव खूण आपल्या हाती आहे. फळी अर्धवट असताना मासे घातले तर खाद्य हात राखून घालावं लागतं, आणि नवा माणूस हात राखत नाही.

जेटीवरचा_दिवा

उकाडा आणि वीज राहिलीच की.

पंखा संपवर लावला की बाष्पीभवनाने पाणी गार होतं, पण हे कोरड्या हवेत. जानेवारीत २-३ अंश उतरेल, जूनच्या दमट हवेत जेमतेम एखादा. नुसत्या माशांची टाकी २७-२८ वर स्थिर राहिली तर चिलरची गरज नाही. ३० ओलांडून दिवसेंदिवस राहत असेल तर घ्या, या मापाला १/१० एचपी. तो संपच्या कपाटात कोंडू नका. गरम हवा त्याच खोलीत फिरत राहिली तर चिलर स्वतःशीच भांडत बसतो. त्याआधी स्वस्तातले उपाय: रिटर्न पंप डीसी घ्या, एसी पंप बरीच उष्णता पाण्यात सोडतो. टाकीवर काचेचं झाकण नको, जाळी लावा. पश्चिमेच्या भिंतीला टाकी टेकवू नका.

पंखा लावला की रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं. भरपाई नुसत्या आरओ पाण्याने, खाऱ्याने कधीच नाही, कारण मीठ उडत नाही. फ्लोट स्विचवाला ऑटो टॉप-अप बसवा, पण त्याचा साठा १० लिटरपेक्षा मोठा ठेवू नका. स्विच अडकला तर तेवढंच पाणी आत जाईल.

वीज: १५० एएचची बॅटरी असलेल्या घरच्या इन्व्हर्टरवर ३०-४० वॉटचे रिटर्न आणि वेव्हमेकर मिळून निदान १८-२० तास, बॅटरी जुनी असेल तर निम्मं धरा. हीटर आणि चिलर त्या लाइनवर नको. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप. वीज गेल्यावर पहिलं काम एअर स्टोन टाकीत सोडणं, कारण गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. कॅनिस्टर फिल्टर कोणी वापरत असेल तर तीन-चार तासांहून जास्त बंद राहिल्यावर आतलं पाणी फेकून मगच सुरू करा.

सॉकेट टाकीच्या मागे नाही, बाजूला आणि वर. वायरला प्लगच्या खाली झोळ द्या म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली टपकतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग, याशिवाय हात पाण्यात घालू नका. कपाटाच्या लोखंडी बिजागऱ्या वर्षभरात गंजतात, स्टेनलेस घ्या. मला विचाराल तर कपाटच नको, विटांचे खांब आणि कडप्पा: ना वाळवी, ना गंज, आणि अडीचशे किलो वजन मुकाट पेलतो.

कातळफूल

दहापट पातळ करून तपासलं: १०, दोन दिवसांनी ६. म्हणजे उतरतोय. सोडा आणि फ्लेक्स घातले. शेवटचा प्रश्न: क्लाऊन पैदास केलेलेच घेईन. पण गोबी ओहोटीला कातळावरच्या डबक्यांतून आणले तर?

खाजणवाट

इथल्या पाण्याला सरावलेले असतात, उकाडाही सोसतात, त्या दृष्टीने वाईट नाहीत. पण काय उचलतोय ते ओळखता आलं पाहिजे. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आधी एकदा नीट बघून या.

डबक्यातला असो की दुकानातला, थेट टाकीत नाही. ४०-५० लिटरचा प्लास्टिकचा टब, संपमध्ये मुरवलेला तो स्पंज, पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला, आणि चार आठवडे. रानातल्या माशाबरोबर क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी येतो. त्याचे पांढरे ठिपके दिसून नाहीसे होतात म्हणून लोक फसतात, तेव्हा तो वाळूत आणि दगडावर गाठी धरून बसलेला असतो. एकदा मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे काढून टाकी अकरा आठवडे रिकामी ठेवावी लागते.

क्रम: आधी गोबी, ते बुजरे असतात. मग क्लाऊनची जोडी, एक मोठा एक लहान असा, म्हणजे मोठा मादी होतो आणि भांडण कमी. डॅमसेल सगळ्यात शेवटी, किंवा माझं ऐकाल तर नाहीच. तीन फुटांत तो बाकीच्यांना कोपऱ्यात दाबतो. दोन माशांमध्ये तीन आठवडे जाऊ द्या, मधल्या काळात अमोनिया तपासत.

तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर टबातच. मुख्य टाकीत पडलं तर वाळू आणि दगड ते धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात, मग त्या टाकीत गोगलगाय किंवा शोभेची कोळंबी टिकत नाही.